शाळेसाठी निधी उभारण्याचे काम: शिक्षिकेने ते स्वीकारावे का, आणि त्यातून पुढे काय घडते?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. १४ वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवल्यानंतर संस्थेच्या कार्यकारिणीने तुम्हाला निधी संकलनाची जबाबदारी घेण्यास सांगितले आहे, कारण साठ वर्षांची जुनी इमारत पाडून नवी बांधायची आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. ही खरोखर एखादी कारकीर्द आहे की शिक्षकी पेशातून बाजूला काढून ठेवण्याची जागा आहे? दहा वर्षांनी त्यातून तुम्ही कोण झालेल्या असाल? आणि ‘मला कुणाकडे पाच रुपये मागायलाही जड जाते’ असा स्वभाव असताना या वाटेला जावे का? मी स्वतः विज्ञान शिक्षिका म्हणून सुरुवात केली, अकरा वर्षे शिकवले आणि त्यानंतरची २३ वर्षे एका शिक्षण संस्थेच्या निधी विभागात काढली. त्यांतली शेवटची नऊ विभागप्रमुख म्हणून. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे, पण तुमच्या निर्णयाला ते उपयोगी पडावे अशी मनापासून इच्छा आहे.

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच अडचण दिसते. संस्था तुमच्याकडून नेमके काय मागते आहे, हे अजून कुणी स्पष्ट केलेले नाही. ‘निधी संकलन प्रमुख’ या एकाच पदनामाखाली आपल्याकडे दोन अगदी वेगळी कामे चालतात. पहिल्या कामात पावती पुस्तक हातात देऊन माणसाला बाहेर पाठवले जाते आणि महिनाअखेर किती जमले एवढेच विचारले जाते. दुसऱ्या कामात तो माणूस संस्थेने देणगीदारांना दिलेला शब्द सांभाळतो. कशासाठी मागायचे हे ठरवताना तो बैठकीत असतो, पैसा कुठे खर्च झाला हे त्याला माहीत असते, आणि देणगीदाराने पाच वर्षांनी विचारले तरी त्याला उत्तर देता येते. पहिले काम दोन वर्षांत माणसाला थकवते आणि त्यातून पुढे कुठेही जाता येत नाही. दुसऱ्यातून कारकीर्द घडते, माणूसही घडतो. तुम्हाला यांपैकी कोणते काम मिळते आहे, यावर माझ्या बाकीच्या उत्तराचा बराच भाग अवलंबून आहे.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या काही बाबी आधीच सांगते. तुमची शाळा अनुदानित आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. अनुदानित असेल तर तुमचे वेतन शासन देते आणि ते शिकवण्यासाठी देते. पहिली ते आठवीच्या शिक्षकांच्या बाबतीत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता इतर अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे स्पष्ट सांगते, आणि वरच्या वर्गांच्या बाबतीतही तुमची मंजूर जागा ठरावीक तासिकांशी बांधलेली असते. म्हणून ‘अर्ध्या तासिका कमी करू, बाकी वेळात हे बघा’ अशी तोंडी व्यवस्था स्वीकारू नका. उद्या तपासणीत प्रश्न आला तर तो तुमच्या सेवापुस्तकावर येईल. दुसरे म्हणजे, खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या १९७७ च्या सेवाशर्ती कायद्यानुसार आणि १९८१ च्या नियमावलीनुसार मुख्याध्यापकपद मुख्यतः सेवाज्येष्ठतेने मिळते. यादीत तुमचा क्रमांक वर असेल तर ज्येष्ठतेवर परिणाम होणार नाही याची लेखी खात्री, किंवा मग संस्थेच्या स्वतःच्या खर्चातून स्वतंत्र नेमणूक, यांपैकी एक पर्याय बैठकीच्या ठरावात आला पाहिजे. शाळा विनाअनुदानित असेल तर हा गुंता बराच कमी होतो, परंतु तिथे पगार किती आणि कुठून हा प्रश्न अधिक टोकदार होतो. मी स्वतः हा टप्पा घाईत ओलांडला आणि पुढे वेतननिश्चितीसाठी तीन वर्षे कागद फिरवत राहिले, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहिते आहे.

आता स्वभावाबद्दल. मागायला जड जाणे ही या कामातली उणीव आहे असे मी मानत नाही. ज्याला मागताना काहीच वाटत नाही, अशा माणसाला पाठवायला मी कायम कचरत आले. गणिताच्या शिक्षिकेला हे सांगताना मला महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात, कारण तेही फर्ग्युसन महाविद्यालयात गणितच शिकवत असत आणि त्यांचा स्वभावही बुजरा, मितभाषी होता. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि त्यासाठी दारोदार फिरले, पण इतरांपुढे हात पसरण्याआधी त्यांनी आपली पाच हजार रुपयांची विमा पॉलिसी संस्थेला देऊन टाकली होती. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले आणि सर विठ्ठलदास ठाकरसी यांची १५ लाख रुपयांची देणगी १९२० मध्ये आली. म्हणजे पहिल्या आश्रमापासून त्या मोठ्या देणगीपर्यंत २४ वर्षे गेली. त्या देणगीबरोबर अटीही आल्या आणि विद्यापीठाला ठाकरसींच्या मातोश्रींचे, नाथीबाईंचे नाव लागले. पुढे सत्तरी उलटल्यावर कर्वे याच कामासाठी युरोप, अमेरिका आणि आफ्रिकेपर्यंत गेले. या सगळ्या प्रवासात त्यांनी वक्तृत्वाने कुणाला जिंकले असे कुणीही म्हणत नाही. लोकांनी त्यांच्या हिशोबावर आणि आयुष्यावर विश्वास ठेवला.

आपल्या मातीत या कामाची परंपरा फार खोल आहे, आणि ती माहीत असल्याने मला पुष्कळदा बळ मिळाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले आणि गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य आले. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. या उदाहरणांचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण कार्यकारिणीच्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी उठून म्हणेल की आपले दीड हजार माजी विद्यार्थी आहेत, प्रत्येकाने हजार रुपये दिले की झाले. तुम्ही गणित शिकवता, तेव्हा फळ्यावर मांडून दाखवा: सगळ्यांनी दिले तरी ते १५ लाख होतात, आणि इमारत दीड कोटीची असेल तर तो दहावा हिस्सा आहे. प्रत्यक्षात सगळे देतही नाहीत. माझ्या अनुभवात मोठ्या बांधकामाचा निम्म्याहून अधिक पैसा दहा-बारा घरांतून आला. हजार रुपये देणाऱ्या माणसांचे मोल वेगळ्या ठिकाणी असते. गावातले चारशे लोक इमारतीचे वाटेकरी झाले आहेत हे पाहूनच मोठा देणगीदार हात मोकळा सोडतो, आणि पुढे वीस वर्षे शाळेकडे लक्ष ठेवणारी माणसेही त्या चारशेंतूनच मिळतात.

पहिली दोन वर्षे कशी जातात याची कल्पना यावी म्हणून माझ्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट सांगते. विभाग म्हणून मला कार्यालयातले एक टेबल आणि लोखंडी कपाटाची एक फळी मिळाली होती. त्या फळीवर लाल कापडी बांधणीची, कोपरे झिजलेली एक लांबोडकी वही होती: स्मृती-ठेवींची वही. बहुतेक जुन्या शाळांत ती असते. कुणी वडिलांच्या वर्षश्राद्धाला, कुणी आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला शाळेत ठेव ठेवलेली असते आणि तिच्या व्याजातून दरवर्षी बक्षीस दिले जाते. त्या वहीत १९६८ साली ठेवलेल्या २५० रुपयांच्या ठेवीची नोंद होती. संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस. मी वही उघडली तेव्हा तिचे व्याज वर्षाला वीस-पंचवीस रुपये येत होते आणि लिपिक बाई दर जानेवारीत तेवढ्याच नोटा पाकिटात घालून, पाकिटावर सुवाच्य अक्षरात देणगीदाराचे नाव लिहून स्नेहसंमेलनात देत होत्या. देणगीदाराच्या घरी मात्र तीस-बत्तीस वर्षांत एकही पत्र गेलेले नव्हते.

मी बक्षीस समारंभांच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका आणि वार्षिक अंक काढून त्या बक्षिसाच्या मानकरी मुलींची वर्षवार यादी तयार केली. चार वर्षांची नावे सापडली नाहीत, त्या जागा मी कोऱ्याच ठेवल्या. देणगीदार हयात नव्हते, त्यांच्या मुलीचा डोंबिवलीचा पत्ता एका जुन्या शिक्षकांकडून मिळाला. यादीबरोबर एका पानाचे पत्र पाठवले आणि त्यात पैशाचा उल्लेखही केला नाही. दहा दिवसांनी त्यांचे उत्तर आले. आईच्या नावाचे बक्षीस केव्हाच बंद पडले असेल असे त्या धरून चालल्या होत्या. पुढच्या जानेवारीत त्या स्वतः आल्या, बक्षीस घेणाऱ्या मुलीशी पाच मिनिटे बोलल्या, आणि जाताना ठेव वाढवण्याविषयी त्यांनी आपणहून विचारले. ती रक्कम पुढे ५० हजार झाली. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्यांच्या वर्गातल्या चार मैत्रिणींचे पत्ते त्यांनी मला दिले, आणि पुढे आमच्या प्रयोगशाळेचा निधी त्या चार पत्त्यांपासून सुरू झाला. त्या वर्षी मी कुणापुढेही हात पसरला नाही. जुन्या देणग्यांचे काय झाले तेवढे मी त्या त्या घरी कळवत गेले. तुम्हाला मागायला जड जाते असे तुम्ही लिहिले आहे. कळवायला तुम्हाला जड जाणार नाही असा माझा अंदाज आहे, आणि पहिल्या दोन वर्षांत हेच काम पुरून उरते.

मागण्याची वेळ पुढे येतेच, आणि तेव्हा नकार पचवावे लागतात. सुरुवातीला प्रत्येक नकार मला स्वतःला दिल्यासारखा वाटायचा. हळूहळू लक्षात आले की ‘आत्ता नाही’, ‘यासाठी नाही’, ‘तुमच्या संस्थेसाठी नाही’ आणि ‘तुमच्या अध्यक्षांच्या हातात नाही’ हे चार वेगळे नकार असतात, आणि ते वेगळे ओळखायचे तर समोरच्याला बोलू द्यावे लागते. एक निवृत्त अभियंता पहिल्या भेटीत दीड तास आपल्या गणिताच्या मास्तरांबद्दल बोलत राहिले आणि शेवटी म्हणाले, सध्या काही जमणार नाही. मी त्या मास्तरांचा जुना फोटो शोधून त्यांना पाठवला आणि विषय तिथेच सोडला. तीन वर्षांनी त्यांनी स्वतःहून फोन केला. असे नेहमी घडत नाही. बऱ्याच ठिकाणी फोन कधीच येत नाही, आणि तरीही तो फोटो पाठवणे योग्यच असते.

माझ्या हातून, किंवा माझ्या गाफीलपणामुळे, घडलेली एक चूकही सांगायला हवी, कारण माझ्या घडणीत तिचा वाटा सर्वांत मोठा आहे. पाचव्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याने प्रयोगशाळेच्या नूतनीकरणासाठी दोन लाख रुपये दिले. त्या पावसाळ्यात शाळेची मागची भिंत कोसळली. मुलांच्या जिवाचा प्रश्न होता, म्हणून कार्यकारिणीने हाताशी असलेला तो पैसा भिंतीसाठी वापरला. निर्णय वाईट हेतूने झाला नव्हता. मला तो कळला होता, आणि ‘नंतर भरून काढू’ या शब्दांवर मी गप्प राहिले. जानेवारीत ते गृहस्थ पत्नीला घेऊन प्रयोगशाळा पाहायला आले. जुनीच टेबले, एका बाजूला कलंडलेला बुन्सेन बर्नर, नळाला बांधलेले फडके. ते काही बोलले नाहीत, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी त्यांना त्याच दिवशी सगळे सांगितले, ठरावाची प्रत दाखवली आणि माफी मागितली. त्यांनी पुढे पुन्हा देणगी दिली नाही, आणि त्यात त्यांचे काहीही चुकले नाही.

त्या प्रसंगानंतर मी आयुष्यात पहिल्यांदा कार्यकारिणीपुढे उभी राहून एका मागणीवर अडून बसले. विशिष्ट कारणासाठी आलेल्या देणगीचे खाते वेगळे असेल, देणगीदाराच्या लेखी संमतीशिवाय तिचा उद्देश बदलणार नाही, आणि दर सहा महिन्यांनी त्या खात्यांचा गोषवारा बैठकीत वाचला जाईल. दोन सदस्य नाराज झाले. एकाने ‘बाई, तुमचे काम पैसे आणण्याचे’ असे ऐकवलेही. तीन बैठकांनंतर ठराव मंजूर झाला. मला विचाराल तर मी ‘निधी संकलन करणारी’ होते ती त्या दिवसापासून ‘निधी विभागाची प्रमुख’ झाले. पदनाम बरेच नंतर मिळाले. या क्षेत्रातली बढती अशीच होते. आणलेल्या रकमेवर माणूस काही काळ मिरवतो, पण संस्थेचा विश्वास कशामुळे धोक्यात येईल हे ओळखून तो वेळीच ‘नाही’ म्हणू शकतो का, यावर त्याची पुढची वाट ठरते.

असा एक ‘नाही’ तर तुम्हाला पहिल्याच महिन्यात म्हणावा लागेल. आपल्या भाषेत ‘देणगी’ आणि ‘डोनेशन’ या शब्दांचे अर्थ आता वेगळे झाले आहेत. देणगी दिली असे माणूस अभिमानाने सांगतो. डोनेशन द्यावे लागले असे तो खालच्या आवाजात सांगतो, कारण त्याचा संबंध प्रवेशाशी असतो. महाराष्ट्रात १९८७ पासून कॅपिटेशन फीवर कायद्याने बंदी आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याचे १३ वे कलम तर अशा वसुलीबद्दल घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड सांगते. कायदा आहेच, पण त्यापलीकडचेही एक कारण आहे. प्रवेशाच्या रांगेतल्या पालकाकडून एकदा जरी पैसा घेतला, तरी शाळेसाठी मागितलेल्या प्रत्येक रुपयाकडे गाव संशयाने पाहू लागते. म्हणून एप्रिल ते जुलै या काळात नव्या पालकांकडून कोणतीही देणगी स्वीकारायची नाही, स्वखुशीने दिली तरी नाही, असा नियम मी पाळला. तुम्हीही तो ठराव करून घ्या.

आता ज्ञानाच्या बाजूकडे वळते. पुढच्या पाच-सहा वर्षांत तुम्हाला काही विषय इतके चांगले यायला हवेत की सनदी लेखापालाशी बरोबरीने बोलता येईल. करसवलतीची जी तरतूद सर्वांना ‘८०जी’ म्हणून ठाऊक आहे, तिची नोंदणी ठरावीक मुदतीने नव्याने करावी लागते. दोन हजारांपेक्षा अधिकची रोख देणगी त्या सवलतीस पात्र नसते, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणगीदारांचे विवरण भरून त्यांना प्रमाणपत्र देण्याची पद्धत २०२१-२२ पासून सुरू आहे. हे विवरण चुकले तर देणगीदाराची वजावट अडते आणि त्याचा फोन तुम्हाला येतो. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुन्या पावत्यांवरचा छापील मजकूर एकदा तपासून घ्या. शिवाय नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना ही वजावट मिळत नाही, त्यामुळे ‘कर वाचेल’ या मुद्द्यावर मागण्याचे दिवस सरत चालले आहेत. मला त्याचे वाईट वाटत नाही, कारण शाळेची गरज नीट मांडणाऱ्याला त्या मुद्द्याची फारशी आवश्यकता नसते.

कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी, ज्याला सगळे सीएसआर म्हणतात, २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमातून आला आणि १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १ हजार कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करावा लागतो, आणि शिक्षण हा त्यातला मान्य विषय आहे. तो निधी घेणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. माझा अनुभव असा की कंपन्या प्रयोगशाळा, स्वच्छतागृहे, सौर पॅनेल यांसाठी लवकर तयार होतात, संपूर्ण इमारतीसाठी क्वचितच. प्रस्ताव जूनमध्ये दिला तर शांतपणे वाचला जातो, फेब्रुवारीत दिला तर घाईत मंजूर होतो आणि ३१ मार्चच्या आत खर्च करण्याच्या दबावाखाली काम बिघडते.

परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. अमेरिकेत राहणाऱ्या, पण भारतीय पारपत्र असलेल्या माजी विद्यार्थ्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. त्याच्याच वर्गमित्राने तिथले नागरिकत्व घेतले असेल तर, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असूनही, त्याचा एक रुपयाही परदेशी देणगी कायद्याखालील नोंदणीशिवाय तुम्हाला घेता येत नाही. मेळाव्याच्या उत्साहात लोक मोबाइलवरून पैसे पाठवून मोकळे होतात, म्हणून देणगीच्या अर्जात नागरिकत्वाचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.

कारकीर्द म्हणून पाहिले तर वाट साधारण अशी जाते. पहिली दोन-तीन वर्षे नोंदी, पत्रे आणि जुन्या देणगीदारांशी पुन्हा जोडून घेण्यात जातात. त्यानंतर एखादे मोठे उद्दिष्ट तुमच्या नावावर येते. तुमच्या बाबतीत ती इमारत आहे. ते पूर्ण होता होता तुमच्या लक्षात येते की सगळी नाती तुमच्या एकटीच्या मोबाइलमध्ये साठली आहेत, आणि नेमका हाच टप्पा बहुतेकांना अवघड जातो. देणगीदार तुमच्या नावाने फोन करतात, त्याचे सुख वाटते. परंतु नाते संस्थेशी जोडून द्यायचे असेल तर भेटीला मुख्याध्यापकांना न्यावे लागते, बोलणे त्यांच्यावर सोपवावे लागते, आणि प्रत्येक भेटीची नोंद अशी लिहावी लागते की तुमच्या जागी येणाऱ्या माणसाला ती वाचून पुढे जाता येईल. मला हे जमायला फार वेळ लागला. निवृत्तीच्या तीन वर्षे आधीपासून मी प्रत्येक मोठ्या देणगीदाराकडे माझ्या तरुण सहकाऱ्याला घेऊन गेले, आणि शेवटच्या वर्षी मी न जाता तो एकटा गेला. मी कार्यालयात बसून फोनची वाट पाहत होते, त्या दुपारी मला समजले की विभाग उभा राहिला आहे.

यापुढे वाटा फुटतात. काही जण मोठ्या स्वयंसेवी संस्थेत किंवा विद्यापीठात जातात, काही संस्थेचे कार्यवाह होतात, काही माझ्यासारखे लहान शाळांना सल्ला देतात. पगाराबाबत एवढेच सांगते की तो संस्थेच्या आकारावर आणि शहरावर फार अवलंबून आहे. जमलेल्या रकमेवर टक्केवारी मात्र कधीही घेऊ नका, कुणी देऊ केली तरी. निधी संकलकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेतही टक्केवारीने मोबदला निषिद्ध मानला आहे. देणगीदाराला आपल्या शंभरातले दहा तुमच्या घरी गेले असे कळले, तर उरलेल्या नव्वदावरचाही त्याचा विश्वास उडतो.

व्यक्ती म्हणून काय बदलते, हेही तुम्ही विचारले आहे. शिक्षकखोलीतले माझे स्थान बदलले. काही सहकारी मला व्यवस्थापनाची माणूस समजू लागले आणि काही वर्षे डबा एकटीने खाल्ला. त्यावर मला एकच उपाय सापडला. आठवड्याला चार तासिका मी शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. वर्गात उभे राहिल्याने मी कशासाठी मागते आहे हे डोळ्यांसमोर राहिले आणि सहकाऱ्यांशी नातेही टिकले. तुमच्या गणिताच्या काही तासिका कायदेशीर चौकटीत ठेवता येत असतील तर जरूर ठेवा. दुसरा बदल पैशाकडे पाहण्यात झाला. श्रीमंत माणसापुढे अवघडून बसायची माझी सवय गेली, आणि पेन्शनमधून दरवर्षी पाचशे रुपये आणून देणाऱ्या आजोबांपुढे मी अधिक आदराने उठून उभी राहू लागले.

तेव्हा होकार देण्याआधी कार्यकारिणीकडून दोन गोष्टी लेखी घ्या: तुमच्या सेवेची स्थिती आणि ज्येष्ठता, आणि उद्देशनिश्चित देणग्यांच्या वेगळ्या खात्याचा ठराव. दुसऱ्या गोष्टीला खळखळ झाली तर तुम्हाला पहिल्या प्रकारचे काम दिले जाते आहे असे समजा, आणि वर्गातच राहा. तिथे तुमची गरज आहेच. ठराव झाला, तर कार्यालयातून स्मृती-ठेवींची वही आणि गेल्या पाच वर्षांची पावती पुस्तके मागून घ्या. पावतीनंतर ज्यांना एकही पत्र गेलेले नाही अशी घरे मोजा, आणि त्यांतल्या सर्वांत जुन्या ठेवीच्या घरी पहिले पत्र लिहा.